चोक : हाताने जुळवलेल्या मिश्रणाचा इतिहास

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची स्वारी ज्या जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येते, ती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील (१९२२ ते १९४०) मोटार शहराच्या यांत्रिक इतिहासातील बहुधा सर्वांत परिचित वस्तू असली, तरी तिच्या नावाचा एक पदर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या विल्हेल्म मायबाख यांचे नाव कोल्हापूरकरांच्या तोंडी ‘मेबॅक’ झाले, त्या जर्मन अभियंत्याने १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळणारे साधन, प्रत्यक्षात आणले; त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगातील पेट्रोल गाड्या मुख्यतः याच तत्त्वावर धावल्या.

या तत्त्वात एक उणीव पहिल्यापासून होती. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, परंतु इंजिन थंड असताना पेट्रोलचा थोडाच अंश वाफ होतो आणि उरलेला थंड नळीच्या भिंतींवर थेंबांच्या रूपाने चिकटून राहतो, त्यामुळे सिलिंडरपर्यंत पोहोचणारे मिश्रण ठिणगीने पेटत नाही इतके पातळ होते. यावरचा उपाय म्हणजे चोक : कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवलेली एक चपटी झडप तारेने ओढून बंद केली की हवेची वाट अडते, आतील ओढ वाढते आणि जेटमधून नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पेट्रोल खेचले जाते. सोलेक्स बनावटीच्या काही कार्ब्युरेटरांत या झडपेऐवजी जादा पेट्रोल सोडणारी वेगळी वाट असे. चालकाच्या हाती येणारी मूठ मात्र तीच, आणि तिचे नावही चोकच.

कोल्हापुरात या मुठीची गरज पौष-माघातील पहाटे अधिक भासे, आणि पन्हाळ्याच्या उंचीवर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला तर हमखास. पावसाळ्यातील अडचण निराळी होती. तेव्हा गाडी चालू न होण्याचे कारण पुष्कळदा मिश्रणात नसून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात साठलेल्या दमटपणात असे, आणि ते न ओळखता चोक ओढून सेल मारत राहणारा चालक प्लग ओले करून बसे. मग प्लग काढून, पुसून, वाळवून पुन्हा बसवण्यावाचून गत्यंतर नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात चोक हाताळण्याची ही कला राजवाड्यापुरती राहिली नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून येणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर, महिंद्रांची पेट्रोल जीप आणि १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० या सगळ्यांच्या मालकांना सकाळचा एकच क्रम पाळावा लागे : चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरवर पाय न नाचवता सेल मारायचा, इंजिनाने धडधडत सूर धरला की मूठ अर्धी आत सारायची, आणि आवाज जड होऊन मागच्या नळीतून काळसर धूर दिसू लागण्याच्या आत ती पूर्ण बंद करायची. हा क्षण कोणताही काटा दाखवत नसे; तो कानानेच पकडावा लागे. ज्यांचा चोक विसरून ओढलेलाच राही, त्यांचे ॲव्हरेज तर घसरेच, शिवाय न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खालच्या ऑइलमध्ये उतरे आणि रिंगा अकाली झिजत.

येथे भाषेचीही एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. चोक या इंग्रजी शब्दाचा अर्थ गळा आवळणे, आणि तुंबलेल्या गटाराला मराठी माणूस ‘चोकप’ म्हणतो ते त्याच अर्थाने. गाडीच्या बाबतीत मात्र हवा कोंडण्याच्या या क्रियेला ‘चोक देणे’ असे देण्याचे क्रियापद लाभले, जणू थंड इंजिनाला काही खाऊ घालावे.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरासारख्या लेथ आणि ओतकामाच्या वस्तीचा या इतिहासात वाटा मोठा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. थ्रॉटलच्या दांडीचे बुश झिजले की त्या फटीतून गाडी ‘हवा घेते’, मिश्रण पुन्हा पातळ होते आणि तापलेल्या इंजिनालाही चोक मागावा लागतो. नवा कार्ब्युरेटर घेण्याचा खर्च टाळून दोन पितळी बुश कातून बसवणे हे जिथे लेथ हाताशी आहे अशाच गावात सहज जमते. गाडीच्या चोकच्या सवयीवरून झीज ओळखणे हे मेस्त्रीचे खरे निदानकौशल्य होते, आणि ते पुस्तकात फारसे उतरले नाही.

१ एप्रिल २००० पासून देशभर प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, मोटारींत संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धत आली आणि डॅशबोर्डवरील ती मूठ नाहीशी झाली. दुचाकींमध्ये तोच बदल बहुतांशी २०२० च्या भारत स्टेज ६ निकषांनी घडवला. कार्ब्युरेटर उघडून, जेट फुंकून, कानाने आयडलिंग लावणारे मेस्त्री कोल्हापुरात अजून आहेत. त्यांचे हे ज्ञान त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवण्याचे काम येथील तंत्रनिकेतनांनी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आताच हाती घ्यावे.