जर्मनीत नोकरी मिळाली, पण घर? निघण्याआधी समजून घ्या भाड्याच्या घराचं गणित

अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत खोली शोधायची तर फार तयारी लागत नाही. संध्याकाळी एक चक्कर मारायची, गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की बेल वाजवायची. घरमालक काकू गाव विचारतात, कुठे शिकता किंवा काय काम करता ते विचारतात. व्यवहार पटला तर दुसऱ्या दिवशी गादी आणि बादली घेऊन राहायला जाता येतं.

जर्मनीत हे असं होत नाही. तिथे नोकरी आधी मिळते आणि घर मिळायला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो.

हा विषय आता महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांसाठीही महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. यादीत नर्स, लॅब टेक्निशियन, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली.

व्हिसा, भाषा आणि पगार यांवर भरपूर व्हिडिओ सापडतात. घराबद्दल मात्र विमानतळावर उतरल्यावरच कळतं. म्हणून ही साखळी आधीच समजून घेऊया.

नेमकी अडचण काय आहे?

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. नोंद करताना घरमालकाने सही केलेला कागद लागतो. 'ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली आहे' असं त्यात लिहिलेलं असतं.

नोंद झाली की कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो वेळेत मिळाला नाही, तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. बँक खातं आणि राहण्याचा परवाना या कामांनाही नोंदवलेला पत्ता विचारला जातो.

दुसरीकडे, घरमालकाला भाडेकरूच्या पगाराच्या स्लिप आणि जर्मनीतला आर्थिक इतिहास बघायचा असतो. म्हणजे घर नाही म्हणून कागद अडतात आणि कागद नाहीत म्हणून घर अडतं. नव्याने गेलेला माणूस या चक्रात सापडतो.

'शुफा' म्हणजे काय?

आपल्याकडे कर्ज घेताना सिबिल स्कोअर बघतात. जर्मनीत तसंच काम 'शुफा' ही संस्था करते. फरक एवढाच की तिथे घर भाड्याने देतानाही हा अहवाल मागतात. नव्याने गेलेल्याचं शुफात काहीच नसतं. त्याने कुणाचे पैसे बुडवलेले नसतात, पण ते सिद्ध करणारा कागदही त्याच्याकडे नसतो.

अशा वेळी नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, भारतातल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि जुन्या घरमालकाचं 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र उपयोगी पडतं. ही सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये, जर्मन भाषेतल्या छोट्या ओळखपत्रासह तयार ठेवावीत. चांगल्या घराची जाहिरात आली की काही तासांतच मालकाकडे अर्जांचा ढीग पडतो. युरोपीय संघात भाड्याने राहणाऱ्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेला देश जर्मनी आहे, त्यामुळे स्पर्धा फक्त परदेशी लोकांशी नसते.

जाहिरात कशी वाचायची?

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो.

'२ झिमर' म्हणजे २ बीएचके नाही. बैठकीची खोली धरून एकूण दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळं. म्हणजे आपला १ बीएचके.

भाडं दोन प्रकारे लिहितात. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, अर्थात फक्त जागेचं. 'वार्ममीटे' म्हणजे गरम भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा यांसारखे खर्च धरलेले असतात. वीज आणि इंटरनेटचं बिल बहुतेक वेळा याहूनही वेगळं असतं. अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हीटिंगचा खर्च सुचतही नाही, पण तिथे हिवाळ्यात त्याच्याशिवाय राहता येत नाही.

बरीच घरं रिकामी मिळतात. रिकामी म्हणजे कधी कधी ओटा, सिंक, शेगडी आणि दिवेसुद्धा नसतात. सामानासकट घर हवं असेल तर 'म्योब्लिएर्ट' हा शब्द शोधावा. त्याचं भाडं जास्त असतं.

हातात किती पैसे ठेवायचे?

कायद्यानुसार डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं घेता येतं. समजा थंड भाडं ६०० युरो आहे, तर डिपॉझिट १,८०० युरोंपर्यंत जाईल. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले, तर हे १ लाख ८० हजार रुपये झाले. पहिल्या महिन्याचं भाडं आणि पगार होईपर्यंतचा खर्च वेगळा.

पण हे डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. तसंच १ जून २०१५ पासून भाड्याच्या घरासाठी दलाल ज्याने नेमला, त्यानेच दलाली द्यायची असा नियम आहे. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे दलाली मागितली, तर ती देण्याची गरज नाही.

करारावर सही करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. आपल्याकडे ११ महिन्यांच्या कराराची सवय असते. जर्मनीत बरेच करार मुदतीशिवाय असतात आणि घर सोडताना साधारण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मध्येच शहर बदललं तरी तेवढं भाडं अंगावर पडू शकतं.

फसवणूक कशी ओळखायची?

ठराविक गोष्ट अशी असते: घर सुंदर, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. मालक म्हणतो, 'मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल.' विश्वास बसावा म्हणून पासपोर्टचा फोटोही पाठवतो. पैसे गेल्यावर जाहिरात आणि मालक दोन्ही गायब.

घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. व्हिडिओ कॉलवर पाहणार असाल तर खिडकीतून बाहेरचा रस्ता, जिना आणि टपालपेटीवरचं नाव दाखवायला सांगा. फसवणूक झालीच तर भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

काही जण पैसे घेऊन 'फक्त पत्ता' देतात. प्रत्यक्ष न राहता अशी नोंद करणं बेकायदेशीर आहे. असा पत्ता पुरवणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

मग मार्ग काय?

पहिल्याच दिवशी कायमचं घर मिळवण्याचा हट्ट सोडला, तर गोष्टी सोप्या होतात. आधी दोन-तीन महिन्यांसाठी तात्पुरती जागा घ्या. शेअर फ्लॅटमधली खोली, कंपनीचं निवासस्थान किंवा सामानासकट छोटा फ्लॅट चालेल. अट एकच: तिथे आनमेल्डुंग करता आलं पाहिजे. हे लेखी विचारून घ्या. नोंद झाली आणि पगाराच्या स्लिप हातात आल्या, की पक्क्या घरासाठी तुमचा अर्ज भक्कम होतो.

श्टुटगार्ट, म्युनिकसारख्या शहरांत भाडं महाग आहे. मूर्तिजापुरातून अकोल्याला अपडाऊन करणारे लोक असतात, तसं तिथेही आजूबाजूच्या गावात राहून रेल्वेने जाता येतं. मे २०२३ पासून सुरू झालेल्या 'डॉइचलांड-तिकीट' या मासिक पासवर देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या चालतात.

घर मिळालं की टपालपेटीवर आपलं नाव चिकटवायला विसरू नका. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. नाव नसेल तर कर क्रमांकाचं पत्र परत जाऊ शकतं.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे, नोकरीच्या करारावर सही करण्याआधी कंपनीला तीन प्रश्न ईमेलवर विचारा. पहिले तीन महिने राहण्याची सोय कोण करणार? त्या पत्त्यावर नोंदणी होईल का? त्याचे पैसे पगारातून कापणार का? 'तिथे गेल्यावर बघू' असं एजंटने सांगितलं, तर तिकीट काढण्याआधी थांबा. शेत गहाण ठेवून किंवा कर्ज काढून जाणाऱ्या कुटुंबाला हा एक ईमेल लाखभर रुपयांच्या नुकसानीपासून वाचवू शकतो.