मानरेसाचा अंधार

संतांच्या तसबिरी पाहता पाहता आपल्या मनात एक गैरसमज नकळत रुजतो. मस्तकाभोवती प्रभावळ, दृष्टी आकाशाकडे, मुखावर शांती. अशी माणसे कधी खचली असतील, त्यांनाही जगणे नकोसे झाले असेल, हे आपल्याला खरे वाटत नाही. म्हणूनच आपल्या घरात कुणी उदास होऊन कोपरा धरून बसले, की 'तुझी श्रद्धाच कमी पडते' असे आपण सहज बोलून जातो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला यांच्या आयुष्यातील एक वर्ष या समजुतीला चोख उत्तर देते.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ मधला, स्पेनच्या बास्क प्रांतातील एका सरदार घराण्यातला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. मार्च १५२२ मध्ये माँतसेरात येथे पवित्र मरियेच्या चरणी आपली तलवार अर्पण करून ते जवळच्या मानरेसा गावी आले. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. तो सुमारे अकरा महिने लांबला.

आरंभीचे दिवस आनंदाचे गेले. मग मात्र मनावर मळभ दाटू लागले. माँतसेरात येथे तीन दिवस खपून, सारे लिहून काढून त्यांनी आपल्या जन्मभराच्या पापांची कबुली दिली होती. तरीही काहीतरी राहून गेले, क्षमा मिळालीच नाही, ही शंका त्यांना पोखरू लागली. पुन्हा कबुली, पुन्हा शंका! दररोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना आणि मिस्साबलिदान चालूच होते. पण प्रार्थनेत गोडी उरली नव्हती. स्वतःचा जीव संपवावा, असा विचार वारंवार आणि जोराने त्यांच्या मनात येई. 'प्रभो, तुला दुखावणारे मी काहीही करणार नाही,' अशा आशयाचा टाहो ते पुन्हा पुन्हा फोडीत. नंतर १५५३ ते १५५५ या काळात रोममध्ये त्यांनी आपले आत्मकथन सहकारी लुईस गोन्साल्विस द कामरा यांना सांगितले. त्यात हा प्रसंग त्यांनी लपविलेला नाही.

या काळोखातून ते बाहेर कसे आले? देवाची दया व्हावी म्हणून त्यांनी एका रविवारी अन्नपाणी वर्ज्य केले. आठवडा लोटला. पुढच्या रविवारी त्यांनी ही गोष्ट आपल्या धर्मगुरूंना सांगितली. उपवास सोड, अशी धर्मगुरूंनी आज्ञा केली आणि इग्नेशियस यांनी ती मानली. दोन दिवस मन हलके राहिले; तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा उसळल्या. पण आता हे विचार कुठून येतात व कुठे नेतात, हे त्यांना उमगू लागले होते. जुनी पापे पुन्हा कबूल करावयाची नाहीत, असा त्यांनी निर्धार केला आणि ते त्या जाचातून मुक्त झाले. ही प्रभूचीच दया, असे ते शेवटपर्यंत मानीत. शाळामास्तर मुलाला शिकवतो, तसे त्या दिवसांत देव आपल्याला शिकवीत होता, असेही ते सांगत.

पुढे हिवाळ्यात ते तापाने फणफणले. तेव्हा गावातील स्त्रिया रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांनी त्यांना जाड्याभरड्या कापडाचे उबदार कपडे, पायांत जोडे व डोक्यावर टोपी घालावयास लावली. स्वतःच्या देहाला शत्रू मानणाऱ्या या तपस्व्याने तेही स्वीकारले.

मानरेसात सुरू झालेल्या टिपणांतून 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ घडला. ३१ जुलै १५४८ रोजी परमगुरू तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यात आत्मिक उदासीविषयी अनुभवाचे नियम आहेत : मन काळवंडले असता पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये, धीर धरावा, सांत्वन परतून येईल याचे स्मरण ठेवावे, आणि मनातले दडवून न ठेवता जाणत्या माणसापुढे उघडे करावे. १५३६ साली बार्सिलोनाच्या मठातील भगिनी तेरेसा रेजादेल यांना लिहिलेल्या पत्रांतही शंकाकुल मनाची समजूत काढताना त्यांनी विश्रांती व झोप यांचा विसर पडू दिला नाही. हीच साधना केलेले संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, हे आपण जाणतोच.

आत्मिक उदासी आणि वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्याचा आजार म्हणते, ती दोन्ही एकच नव्हेत. परंतु दोन्ही अनेकदा हातात हात घालून येतात. म्हणून धर्मगुरूंकडे जाणाऱ्याने डॉक्टरांकडे जाण्यास कचरू नये. त्यात श्रद्धेचा पराभव नाही.

मानरेसाचा धडा साधा आहे. आशा म्हणजे मनाचा उल्हास नव्हे. उल्हास आटला असतानाही प्रभूचा हात न सोडणे म्हणजे आशा. आणि तो हात इग्नेशियस यांना कशाच्या रूपाने लाभला? उपवास सोडावयास सांगणाऱ्या एका धर्मगुरूच्या शब्दाने, उशाशी जागणाऱ्या बायाबापड्यांच्या मायेने, एका उबदार टोपीने. आपल्या धर्मग्रामात आज कुणाच्या घरी दिवा असूनही अंधार असेल. त्या दारी जाताना उपदेश घरीच ठेवावा. सोबत थोडे जेवण न्यावे आणि जवळ बसून ऐकावे.