उशिरा येणारं चितळ

चितळ मेलं की आमच्याकडे यायला दुपार व्हायची. रात्री गाडीने उडवलेलं, सकाळी पंचनामा, मग टेम्पो. साहेब पोट फाडायचे. जठराचे चारही कप्पे शाबूत, काळीज जागेवर, पित्ताशय नाही (चितळाला ते नसतंच, नव्या पोरांना शोधायला लावणं ही आमची जुनी खोडी). आणि स्वादुपिंडाचा मात्र चिखल. जीव गेला की त्यातले पाचकरस त्यालाच खात सुटतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयात सव्वीस वर्षं मी भिंगाखाली बघायच्या काचा रंगवल्या. चितळाच्या स्वादुपिंडाची धड काच एकदाच निघाली.

म्हणून पॉल लँगरहॅन्सचा हेवा वाटतो. १८६९ साली बर्लिनमध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने प्रबंध लिहिला तो सशावर. ससा हाताशी, ताजा. फिकट पेशींचे पुंजके त्याला दिसले. ते काय करतात हे ठाऊक नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. १८९३मध्ये फ्रान्सच्या लागेसने त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटं’ म्हटलं.

टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांना छळलं तेही माझ्याच चिखलाने. मधुमेहावर उतारा म्हणून बेटांतला अर्क, म्हणजे इन्शुलिन, काढायला जावं, तर पाचकरस त्याचा फडशा पाडणार, ही धास्ती. म्हणून आधी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नळी बांधायची आणि रस आटायची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. बँटिंग शेतकऱ्याचा मुलगा. पोटातलं वासरू अजून काही पचवत नाही, मग त्याच्या पिंडात रस कुठला? ती पिंडं त्याने खाटीकखान्यातून आणली. पुढे अल्कोहोल वापरून मोठ्या गुरांच्या पिंडातूनही अर्क निघाला. ११ जानेवारी १९२२ला चौदा वर्षांच्या मधुमेही लिओनर्ड थॉम्प्सनला पहिली सुई टोचली, ती फसली. त्यांचा सहकारी कॉलिप याने शुद्ध केलेला अर्क २३ तारखेला लागू पडला.

आमची ती एकमेव काच एका जखमी मादीची. ती टेबलावरच गेली, आणि पाच मिनिटांत तुकडा सडणं थांबवणाऱ्या पिवळ्या बुआँच्या द्रावणात पडला. बोटं आठवडाभर पिवळी. तोवर अल्डिहाइड फुक्सिन मुरत ठेवलं. या रंगालाही लोणच्यासारखे दोन-तीन दिवस द्यावे लागतात. भिंगाखाली बेटं दिसली. इन्शुलिनच्या बीटा पेशी पिकल्या जांभळासारख्या.

साहेबांना हाक मारली. ते जेवायला गेले होते.