छोट्या गाडीचे घड्याळ

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना प्रमाणाची फिकीर नसते. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले हळीव आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. महाराजांची उंची महादरवाजाच्या दुप्पट असते, पायथ्याच्या मावळ्याचे डोके तटाच्या वर निघते, पण कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या दिवशी ते खटकू लागते त्या दिवशी खेळण्याची प्रतिकृती व्हायला लागते. घरात मांडल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा इतिहास म्हणजे या खटकण्याचाच इतिहास आहे. विज्ञान शिकवणाऱ्याला त्यात बरेच काही सापडेल असे आम्हांला वाटते.

सुरुवात अर्थातच खेळण्यापासून झाली. जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात चावीच्या गाड्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा लोहमार्ग मांडला. नवे होते ते रुळांमधले ठरावीक अंतर. या वर्षी घेतलेल्या रुळांवर पुढच्या वर्षी घेतलेला डबा चालणार, हे आश्वासन त्यात होते. या गाड्या जमिनीवर धावत आणि खेळ संपला की खोक्यात जात. १९३५ मध्ये मेर्क्लिन आणि ट्रिक्स या दोन्ही कंपन्यांनी १६.५ मि.मी. रुंद मार्गावरच्या विजेच्या गाड्या आणल्या. आधीच्या ३२ मि.मी. रुंदीच्या 'शून्य' मापाच्या जवळजवळ निम्म्या, म्हणून हे माप पुढे 'हाफ-झीरो' अर्थात 'एच-ओ' या नावाने रूढ झाले. गाडी आता टेबलावर मावू लागली. टेबल कायमचे मांडून ठेवता येते, आणि कायमच्या टेबलावर डोंगर उभारावा असे कोणालाही वाटणारच.

एच-ओ म्हणजे १:८७ हे प्रमाण. भागाकार करून पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या निळ्या डब्याची लांबी सुमारे २२.३ मीटर, ती २५.६ सें.मी. होते. अठरा डब्यांची गाडी ४.६ मीटर, म्हणजे एखाद्या दिवाणखान्याची पूर्ण भिंत. एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. कर्जत ते लोणावळा हा २८ किलोमीटरचा घाट ३२२ मीटर लांब होईल, आणि मुंबई-पुणे हा १९२ किलोमीटरचा मार्ग सव्वादोन किलोमीटर! ४०० मीटर त्रिज्येच्या वळणाला ४.६ मीटर त्रिज्या लागेल. खेळण्याच्या पेटीत मिळणारे वळण मात्र ३६ सें.मी. त्रिज्येचे असते. खऱ्या जगात ते जेमतेम ३१ मीटरचे झाले. एवढ्या वळणावर आपली डेक्कन क्वीन वळवायची कल्पनाही करवत नाही.

सुदैवाने एक गोष्ट बदलत नाही. चढ हे गुणोत्तर आहे. भोर घाटातला ३७ स एक हा चढ प्रतिकृतीतही ३७ स एकच राहतो, कारण कोन लहान होत नाही. वजन मात्र घनाच्या नियमाने घटते. ८७ चा घन साडेसहा लाखांहून अधिक भरतो. त्यामुळे ११२ टनांचे डिझेल इंजिन हिशेबाने १७० ग्रॅमचे व्हायला हवे, आणि वीस टनांचा रिकामा मालडबा तीस ग्रॅमचा. तीस ग्रॅमचा डबा सांध्यावरून घसरतो. म्हणून १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील प्रतिकृती-रेल्वेच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अशी आहे की, १४ सें.मी. लांबीच्या डब्याचे वजन सुमारे १०६ ग्रॅम असावे. ब्रिटिशांना याहून मोठी तडजोड करावी लागली. त्यांची खरी इंजिने अंगाने बारीक. त्या काळच्या विजेच्या मोटरी त्यांच्या १:८७ च्या प्रतिकृतीत मावेनात. तेव्हा त्यांनी इंजिन १:७६ चे केले आणि रूळ मात्र तेच १६.५ मि.मी.चे ठेवले. चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग त्यामुळे चार फूट दीड इंचाचा दिसतो. समोरून पाहिले की गाडी अरुंद चपला घातलेल्या पैलवानासारखी वाटते. तरीही ब्रिटनमध्ये आजही सर्वाधिक चालते ते हेच माप.

जागेचा प्रश्न कलेने सोडवणाऱ्यांत जॉन अ‍ॅलन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. हे कॅलिफोर्नियातील माँटेरे गावचे छायाचित्रकार. १९४६ च्या सुमारास त्यांनी एक लहानसा मार्ग मांडला आणि पुढे घराच्या तळघरात 'गोरी अँड डिफीटेड' नावाची काल्पनिक रेल्वे उभारली. नाव म्हणजे कोटी आहे: 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. त्यांनी टेबलाची कल्पनाच सोडून दिली. प्लॅस्टरचे कडे थेट जमिनीपासून वर चढवले, त्यामुळे पाहणारा दरीच्या तळाशी उभा राही. मागच्या बाजूची घरे मुद्दाम लहान केली, म्हणजे ती दूर वाटत. कोपऱ्यांत आरसे अशा खुबीने बसवले की रस्ता दुप्पट लांब दिसे. बाकीचे हौशी आपली इंजिने चकचकीत ठेवत असता अ‍ॅलन त्यांवर धूळ, काजळी आणि गंज रंगवत. आणि इतक्या काटेकोर जगात त्यांनी एका डायनोसॉरला शंटिंगच्या कामावर ठेवले होते! तिचे नाव एम्मा, क्रमांक १३. या विनोदामुळेच आम्हांला हा गृहस्थ अधिक विश्वासार्ह वाटतो.

आरसा अंतर दुप्पट दाखवतो, पण गाडीला ते कापायला लागणारा वेळ वाढवत नाही. ताशी ६० किलोमीटर या वेगाचे १:८७ म्हणजे सेकंदाला १९ सें.मी. दहा मीटर दूरचे 'पुढचे स्टेशन' ५२ सेकंदांत येते. अशाने वेळापत्रक ते काय करणार? न्यू ऑर्लिन्सचे फ्रँक एलिसन हे नाटकमंडळींतले गृहस्थ. १९४४ साली एका अमेरिकन मासिकातील लेखमालेत त्यांनी म्हटले की ही रेल्वे म्हणजे रंगभूमी आहे: गाड्या नट, वेळापत्रक हे कथानक. नाटकात रात्र पाच मिनिटांत सरते, मग इथे का सरू नये? छोट्या रेल्वेच्या खोल्यांतून जलद घड्याळे लागली ती याच विचाराने. घड्याळ दहापट वेगाने फिरवले की ५२ सेकंदांची पावणेनऊ मिनिटे होतात आणि स्टेशन खरोखर दूर असल्यासारखे वाटते. मात्र शंटिंग करणाऱ्या माणसाचे हात दहापट वेगाने चालत नाहीत. पाच मिनिटांच्या डबे-जोडणीला पन्नास मिनिटे लागल्याची नोंद होते आणि मालगाडी हमखास उशिरा सुटते. (यात अवास्तव काही नाही असे रेल्वेतले आमचे एक स्नेही म्हणतात.)

येथे गंमत अशी की निसर्गाचेही स्वतःचे जलद घड्याळ आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल दोन सेकंद. त्याची ८७ पट लहान प्रतिकृती साडेअकरा मि.मी.ची, आणि तिचा आवर्तकाल ०.२१ सेकंद. काळ ८७ पट नव्हे, तर ८७ च्या वर्गमुळाने, म्हणजे ९.३ पटीने घटला. गुरुत्वाकर्षण आपल्यासाठी लहान व्हायला तयार नाही, त्याचा हा परिणाम. म्हणून छोटा डबा उचकी लागल्यासारखा हिंदकळतो, आणि छोट्या धबधब्याचे पाणी घाईत पडते. चित्रपटात लहान धरण फोडायचे तर कॅमेरा जलद चालवून दृश्य संथ करतात, तेही याच कारणाने. विल्यम फ्राउड यांनी १८७० च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून हाच वर्गमुळाचा नियम कामाला लावला. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत बंदरांच्या प्रतिकृती करतात. अशी प्रतिकृती सर्व बाजूंनी १:१०० असेल, तर साडेबारा तासांची भरती-ओहोटी तीत सव्वा तासात उरकते. तेथील शास्त्रज्ञांचे घड्याळ गुरुत्वाकर्षणाने ठरवले, हौशी मंडळींचे खोलीच्या भिंतींनी. दोन्ही दहाच्या आसपास यावीत हा योगायोगच, पण वर्गात सांगण्याजोगा.

वेळापत्रक पाळायचे तर माणसे लागतात. इंग्लंडमधील धर्मोपदेशक पीटर डेनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून 'बकिंगहॅम' नावाची काल्पनिक शाखा मांडली आणि ती घंटेच्या संकेतांसह खऱ्या रेल्वेसारखी चालवली. त्यांचा मुलगा क्रिस्पिन एका स्टेशनाचे काम पाही. त्याच्या जागी पुढे त्यांनी विजेच्या जोडण्यांचे एक यंत्र बनवले, ठरलेल्या क्रमाने ते स्टेशन चालवणारे. यंत्राचे नाव ठेवले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. स्वयंचलनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या यंत्राची दखल घ्यायला हरकत नाही. डेनी २००९ साली वारले. त्यांचा मार्ग जपून ठेवण्यात आला आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना मनगटावरचे घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन जायला सांगावे.

अ‍ॅलन यांच्या रेल्वेचे तसे झाले नाही. ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मार्ग जवळजवळ पुरा होत आला होता. त्यानंतर दहाएक दिवसांतच घराला आग लागली आणि दऱ्या, पूल, आरसे सारे गेले. मागे राहिली ती त्यांनीच काढलेली छायाचित्रे. त्यांत गाडी उभी आहे की धावते आहे हे कळत नाही आणि डबेही हिंदकळत नाहीत. नवख्याला ती खऱ्या रेल्वेची म्हणून सहज खपतात, एम्मा चौकटीत नसेल तर.