दोन्हीकडचं मोजायचं

आम्ही शिवऱ्याच्या बचत गटातल्या बाया. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि एकीच्या मोबाइलवर व्हिडिओ लागला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून मुलींना जी लस देतात, तिने पुढे मूल होत नाही, असं त्यात एक माणूस सांगत होता. एक काकू लगेच म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." दुसरीने पाहुण्यांतली एक मुलगी सांगितली. तिसरीने तसलाच आणखी एक व्हिडिओ शोधून काढला. अर्ध्या तासात आमची खात्रीच झाली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "लस घेऊन ज्यांना पोरं झाली, त्या कुणी शोधल्या का गं?"

आम्ही गप्प झालो. कारण तसं कुणीच शोधलं नव्हतं. आणि हे काही आजचं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि काही महिन्यांत तो पुण्यात आला. सरकारी इस्पितळ म्हणजे मरणाचं दार, असं लोकांना आधीपासून वाटत होतं. तिथे माणसाच्या अंगातून तेल काढतात, त्याची मोमियाई करतात, अशी आवई उठली. म्हणून घरोघरी आजारी माणूस लपवला जाई. अगदी शेवटच्या घटकेला इस्पितळात नेला की तो दगावे. मग लोक म्हणत, "बघा, सांगितलं नव्हतं?" जो बरा होऊन परत आला त्याची गोष्ट कुणी सांगत नसे. 29 ऑक्टोबर 1896 रोजी हजारभर गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

तुम्ही म्हणाल, लोक अडाणी होते. पण शिकलेल्या साहेबांचंही तेच झालं. प्लेग घाणीतून आणि गरिबांच्या कोंदट घरांतून येतो, असं बहुतेक डॉक्टर-अधिकाऱ्यांनी धरून ठेवलं होतं. मग ते घाणच शोधत. गरिबाच्या वस्तीत घाण सापडायला वेळ तो किती? सापडली की त्यांचीही खात्री पक्की. गटारं धुतली, घरांत कार्बोलिक फवारलं, सामान जाळलं. 1897 मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. बायकांची तपासणी चारचौघांत झाली. इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, ते पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून उघड केलं. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकांची भीती वाढली ती सरकारच्याच वागण्याने, आणि लोक लपवतात म्हणून सरकार आणखी कडक झालं. दोघांनाही आपलंच खरं वाटत राहिलं.

त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले मात्र आजाऱ्यांना लपवत नव्हत्या, मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

आणि उंदीर? ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मरत होते. आपल्याकडची जुनी माणसं सांगायची, उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात झोपडी घालायची. 1898 मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, की आजारी उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते. पण बड्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. 1905 नंतर मुंबईत पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा कुठे ते मान्य झालं. तोवर लाखो माणसं गेली होती.

मग खरं कळायचं कसं? हाफकिन यांनी मुंबईत प्लेगाची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. हाफकिन यांनी दोन्हीकडचे आजारी आणि दोन्हीकडचे मृत्यू मोजले. लस घेतलेल्यांत आजार कमी निघाला, पण अगदीच थांबला नाही. तेही त्यांनी लपवलं नाही.

लोकांची भीती प्रत्येक वेळी खोटी असते असंही नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ते 19 मोजायलाच हवेत. पण लस घेऊन वाचलेले हजारोही मोजायला हवेत. एकच बाजू मोजली की हिशेब चुकतो, हे गटाची वही लिहिणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. नुसती जमा लिहून खर्च सोडला तर चालेल का?

मैत्रिणींनो, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आपल्या मनात जे आधीच असतं, तेच कानाला गोड लागतं. मोबाइलही तसलंच पुन्हा पुन्हा पुढ्यात आणतो.

पुढच्या बैठकीला आम्ही आशाताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, ही लस जगात 2006 पासून देतात, त्या वेळच्या मुली आज आया झाल्या आहेत. लसीने मूल होत नाही, असं कुठल्याच तपासणीत दिसलेलं नाही. हात दुखतो, कणकण येते, कुणाला चक्कर येते, हेही त्यांनी सांगितलं. दोघींचं अजून ठरलेलं नाही. त्यांना आम्ही बोल लावला नाही. त्यांचे प्रश्न कागदावर लिहून घेतलेत आणि तो कागद घेऊन सगळ्या मिळून दवाखान्यात जाणार आहोत.

तुमच्या गटात "मला वाटलंच होतं" असं कुणी म्हणालं, तर आमच्या आजींचा प्रश्न जरूर विचारा. दुसऱ्या बाजूची माणसं कुणी शोधली का?