शिक्षण व प्रताधिकार

शिक्षण व प्रताधिकार : ग्रंथ, संगीत, चित्रपट इत्यादींच्या प्रती काढण्याचा व त्या प्रसृत करण्याचा अनन्य अधिकार म्हणजे प्रताधिकार. अध्यापन मात्र उतारे उतरवून घेतल्यावाचून चालत नाही. या दोहोंतील सीमारेषा आखण्याचा प्रश्न त्यामुळे जुना आहे.

भारतात ग्रंथांच्या प्रताधिकारास १८४७ च्या अधिनियमाने वैधानिक आधार मिळाला. शालेय पुस्तकांपुरता महत्त्वाचा वाद मुंबईचा. प्लूटार्ककृत अलेक्झांडर-चरित्राचा टॉमस नॉर्थने सोळाव्या शतकात केलेला इंग्रजी अनुवाद सुमारे निम्मा करून व मुलांना अयोग्य वाटलेले भाग गाळून मॅकमिलन कंपनीने सटीप शालेय आवृत्ती काढली. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांच्या पुस्तकात जवळजवळ तोच मजकूर व काही टीपा आढळल्या. जुन्या अनुवादातील उतारे निवडून जोडल्याने येथे नवा प्रताधिकार निर्माण होत नाही. टीपांमागे मात्र संपादकाचे ज्ञान, श्रम व विवेक असल्याने त्या संरक्षित होत, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२३ मध्ये दिला. विद्यार्थ्याला आजही प्रथम शिकवावयाचा भेद हाच.

१९५७ च्या अधिनियमातील कलम ५२ ने अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनास सूट दिली. परंतु ती साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांपुरती होती. चित्रफीत, गीत व मजकूर एकत्र गुंफणारे बहुमाध्यम प्रकल्प शाळांत आल्यावर ही उणीव ठळक झाली. २०१२ च्या दुरुस्तीने ही सूट सर्व प्रकारच्या कृतींना लागू केली. अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या छायाप्रती काढण्यास सरसकट परिमाणाची मर्यादा नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मानले.

प्रकल्पात एकाच घटकावर अनेकांचे अधिकार असू शकतात. तुकारामांचा अभंग मुक्त आहे. त्याची नवी चाल व ध्वनिमुद्रण यांचे अधिकार स्वतंत्र असतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे (१९९२ पूर्वी पन्नास) संरक्षण असल्याने साने गुरुजींचे (मृ. १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०१० अखेर मुक्त झाले. स्रोतनिर्देश केला की परवानगी लागत नाही, हा विद्यार्थ्यांत रूढ असलेला समज निराधार आहे. संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, कर्मचारी व पालक यांच्यापुरते चित्रपट वा ध्वनिमुद्रण सादर करणे अधिनियमास मान्य आहे. तेच साहित्य आंतरजालावर सर्वांसाठी ठेवल्यास मात्र या सूटीचा आधार घेता येत नाही.