म्हातोबा, हिंजवडीचा

पुणे जिल्ह्यातील हिंजवडी (ता. मुळशी) व शेजारचे वाकड या गावांचे ग्रामदैवत. म्हातोबा हे नाव म्हसोबा या दैवताशी निगडित असावे, असे मानले जाते. मुळशी-मावळचा हा पट्टा पावसाळी भातशेतीचा.

चैत्री पौर्णिमेस, म्हणजे हनुमान जयंतीस, भरणाऱ्या यात्रेत बगाड हा मुख्य विधी होय. गाड्यावर उभा खांब रोवून त्यावर फिरते आडवे लाकूड चढवितात व पाठीत गळ टोचलेल्या गळकऱ्यास त्या लाकडास बांधतात. हा मान हिंजवडीच्या जांभूळकर घराण्याकडे आहे. चांगभलंच्या गजरात बगाड हिंजवडीहून वाकडला नेतात. देहदंडाच्या अशा विधींवर ब्रिटिश अमदानीपासून टीका होत आली असली, तरी गावकऱ्यांच्या दृष्टीने तो देवाशी केलेल्या कराराचा भाग आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारण्यास प्रारंभ केला आणि शेतांच्या जागी संगणक कंपन्या आल्या. शेती सरल्यावर शेतीच्या देवाचे काय होते, या दृष्टीने जपानमधील इनारी या शिंतो दैवताशी तुलना उद्‌बोधक ठरते. इनारी ही मूळची तांदळाची देवता. कोल्हा तिचा दूत. क्योटोतील फुशिमी येथील तिच्या प्रमुख देवस्थानाची स्थापना परंपरेनुसार इ. स. ७११ मध्ये झाली. एदो काळात (१६०३–१८६८) नगरांतील व्यापाऱ्यांनी तिला आपलेसे केले व ती व्यवसायवृद्धीचीही देवता बनली. फुशिमीच्या डोंगरवाटेवरील हजारो शेंदरी तोरणांवर दात्यांची, त्यांत अनेक व्यापारी पेढ्यांची, नावे कोरलेली दिसतात. यात्रेकरू हात-तोंड धुऊन दोनदा नमन करतो, दोनदा टाळी वाजवितो व पुन्हा एकदा नमतो. काही जपानी कंपन्यांनी आपल्या इमारतींच्या गच्चीवरही तिची देवळे बांधली आहेत.

हिंजवडीत असे स्थित्यंतर झाले नाही. म्हातोबा गावकीचाच राहिला. भातखाचरे गेली, बगाडाचे मान मात्र जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घराण्यावर ठरलेले असल्याने ते टिकले. कंपन्यांतील बहुसंख्य नोकरदार बाहेरगावचे. त्यांच्यापैकी अनेकांना यात्रेची जाणीव होते ती त्या दिवशी वळविलेल्या वाहतुकीमुळे.